डाव्या सीटखालचा पिवळा सॉकेट

खर्रा तोंडात धरलेला माणूस मान वर करून बोलतो, कारण खाली पाहिलं तर सांडतं. आमच्या आरमोरीत निम्मे पुरुष असे आभाळाकडे बघत बोलतात. परगावच्या माणसाला वाटावं, इथली माणसं केवढी विचारी! विचार कसला, कप्पाळ. गालात सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा लगदा, आणि तो सांडू न देण्याची कसरत, एवढंच. टपरीवाला हे तिन्ही प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून तळव्याने घोटतो, रबर लावून पुडी देतो. मग ती पुडी लग्नात, मयतीत, ग्रामसभेत, दवाखान्याच्या रांगेत या हातातून त्या हातात फिरते. नंतर भिंती रंगतात. मला या सगळ्याची किळस आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही.

माझ्या गाडीचा पहिला मेकॅनिक असाच मान वर करून म्हणाला, "मॅडम, लाईट जळत नाई म्हंजे चांगलंच नाई का? जळली तं टेन्शन."

मी त्याला पुस्तक दाखवलं. गाडी जुनी होती, पण तिचं माहितीपुस्तक डिकीत कोरंकरकरीत पडलेलं होतं, कोणी उघडलंच नव्हतं. त्यात लिहिलं होतं की चावी फिरवली की समोरच्या मीटरच्या काचेमागचे सगळे इशाऱ्याचे दिवे एकदा पेटले पाहिजेत आणि थोड्या वेळाने विझले पाहिजेत. पेटून विझले तर ठीक. पेटून राहिला तर बिघाड. आणि मुळात पेटलाच नाही, तर दिवा मेलेला आहे किंवा कोणी मारलेला आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हजेरी घेणं हाडात मुरलेलं. रोज सकाळी चावी फिरवून मी दिव्यांची हजेरी घ्यायचे. बॅटरी हजर, तेलाची झारी हजर, इंजिन हजर, ब्रेक हजर. पोटापुढे फुगा धरून बसलेला लाल माणूस मात्र एकही दिवस हजर नव्हता. तो दिवा एअरबॅगचा.

"ते कोनाले लागते मॅडम," मेकॅनिक म्हणाला. "इथी पट्टा तं कोनी लावत नाई." आणि माझ्याच गाडीच्या चाकाजवळ पचकन थुंकला.

मी चावी घेतली आणि निघून आले. बाबा डाव्या सीटवर बसले होते. ते हसले. "त्याले काऊन रागावते? गाडी कानानं ऐकाची असते वं पोरी. लाईटीनं नाई."

बाबा उभा जन्म एसटीत ड्रायव्हर होते. आता गाडी मी चालवते आणि ते शेजारी बसून उजवा पाय दाबत राहतात, जिथे ब्रेक नाही तिथे. इंजिनचा आवाज ऐकून ते फॅनबेल्ट सैल झाला की बेअरिंग गेलं ते सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. दिव्यांना मात्र ते मोजत नाहीत. त्यांच्या काळातल्या बसला काचेमागे चालू असं काहीच नसायचं म्हणे, काटासुद्धा नाही.

गाडी घेतली ती त्यांच्यासाठीच. रात्रपाळीला जंगलातल्या रस्त्यावर डोळा लागू नये म्हणून त्यांनी तरुणपणी खर्रा धरला. नोकरी सुटली, खर्रा सुटला नाही. आई गेली, भाऊ पुण्याला गेला, घरात आम्ही दोघंच उरलो. मग एक दिवस बाबांना भाताचा घास नेहमीसारखा घेता येईना. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, तोंड उघडा. दोन बोटं जेमतेम शिरतील एवढंच उघडलं.

नागपूरच्या डॉक्टरीण बाईंनी गालाच्या आतून तुकडा काढून तपासायला पाठवला. गालाची कातडी आतून ताठ झाली होती आणि एका जागी पांढरा चट्टा होता. रिपोर्ट आला. कर्करोग नव्हता. "अजून नाही," त्या म्हणाल्या, आणि 'अजून' वर त्यांनी असा जोर दिला की मला ते आजही ऐकू येतं. "खर्रा सुटला तर मी फक्त तपासत राहीन. नाही सुटला तर कापावं लागेल. मग जबडा किती उरेल, ते मी आज सांगत नाही."

पुढच्या पौर्णिमेला बाबा विहारात पंचशील झाल्यावर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून टपरीची पायरी चढणार नाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडले. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टरीण बाईंनी व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी करून दातांमध्ये धरायची आणि रोज जमेल तशी एकेक काडी आत सरकवायची. तोंड तेवढं ताणलं जातं. सुरुवातीला चौदा काड्या मावत होत्या. मी कॅलेंडरवर आकडा लिहायचे. पंधरा झाल्या, सोळा झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरला दाखवायला जायचं होतं आणि बसच्या गचक्यांनी बाबांचा जबडा ठणकायचा, म्हणून ही गाडी.

ती वरोऱ्याच्या रस्त्याला एका जुन्या गाड्यांच्या आवारात मिळाली. विकणारा शपथा घेऊन सांगत होता, एका डॉक्टरच्या बायकोची गाडी आहे, बाजारहाटापुरती फिरलेली. घरी आणून पायपुसणं उचललं तर खाली मोहर्लीच्या गेटच्या पावत्या निघाल्या, एक नव्हे, पुडकंच. डॉक्टरच्या बायकोला रोज वाघ बघायचा नाद असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर ही गाडी नागपूरहून पर्यटक भरभरून ताडोब्याला नेणारी होती. इतकं सरळ तोंडावर खोटं बोलायला माणसाला काहीच कसं वाटत नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पण गाडी घेऊन झाली होती.

तर त्या गैरहजर दिव्यासाठी मी ब्रह्मपुरीला गेले. तिथे एक इलेक्ट्रिशियन आहे, फक्त गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. दात त्याचेही काळे. मी मनात म्हटलं, आला आणखी एक आकाशाकडे बघणारा. पण समोरचं मीटर उघडण्याआधी तो उठला, कोपऱ्यात जाऊन तोंड रिकामं केलं, दोनदा चूळ भरली, हात धुतले.

"मीटर उघडताना तोंडात काई ठेवत नाई मी," तो म्हणाला. "एक थेंब पडला तं सारं गेलं."

त्याने मीटर बाहेर काढलं, उलटं केलं आणि मला बोलावलं. फुगा धरलेल्या माणसाच्या मागे काळा टेप चिकटवलेला होता. नीट कापून, कडा दाबून. कोणीतरी वेळ काढून, मन लावून केलेलं काम. एअरबॅग बिघडलेली आहे हे सांगणाऱ्या दिव्याचं तोंड बंद करायचं आणि गाडी विकायची. पुढे आत कोण बसतं, म्हातारा बसतो की लेकरू, याच्याशी त्यांना काय देणंघेणं.

टेप काढला. चावी फिरवली. लाल माणूस पेटला आणि पेटलेलाच राहिला.

इलेक्ट्रिशियनने स्टिअरिंगच्या खाली एक छोटं यंत्र जोडलं. त्यावर आकडा आला. आकडा पाहून तो म्हणाला, "डाव्या सीटच्या पट्ट्याची लाईन आहे, एअरबॅगच्याच लाईनीत येते ते. लाईन कुठी तरी तुटून राह्यली." मग त्याने बॅटरीची तार काढली आणि चक्क बाजूला जाऊन बसला. मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, लगेच हात लावायचा नसतो, आतली वीज उतरू द्यावी लागते, नाहीतर फुगा तोंडावर फुटतो. एवढा धीर धरणारा माणूस मी या धंद्यात पहिल्यांदाच पाहत होते. माझा राग थोडा उतरला.

सीट मागे सारून त्याने खाली टॉर्च मारला आणि नाकावर रुमाल घेतला. खाली खर्ऱ्याच्या प्लॅस्टिकचे जुने तुकडे होते, वाळून कडक झालेले, गालिच्याला चिकटून बसलेले. त्यांच्या मधोमध सीटखालून जाणाऱ्या तारांचा पिवळा सॉकेट. त्यावर थुंकीचे तपकिरी ओघळ उतरून सुकले होते. उघडल्यावर आतल्या पिना हिरव्या झाल्या होत्या. म्हणजे कोणीतरी सीटवर बसून, खिडकी उघडायचाही आळस करून, तिथेच पायाशी थुंकत होता. रोज. मी गाडीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. बाबा आत वाकून बघत होते. बघून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "काय माणसं असते वं."

पिना घासून पुसून सॉकेट लावला, आकडा पुसला आणि लाल माणूस विझला. मग इलेक्ट्रिशियनने त्याच तारेवर एका जागी दातांच्या खुणा दाखवल्या. उंदीर. आमच्याकडे धानाचं पीक निघालं की उंदीर घरात, गोठ्यात, बोनेटमध्ये, कुठेही शिरतात. "एक पुडी तंबाखूची ठेवा मॅडम," तो म्हणाला. "एक बोनेटमध्ये, एक सीटखाली. सारेच ठेवते इथी. उंदराले वास नाई चालत."

"माझ्या गाडीत तंबाखू येणार नाही," मी म्हटलं.

"मंग उंदीर वायर खाईन. तुमची मर्जी."

परतीच्या वाटेवर बाबा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तो बरोबर सांगून राह्यला. आमी डेपोत ठेवत होतो. पण साधी तंबाखू कामाची नाई. वाळते अन् उडून जाते. खर्रा ओला राह्यते, चुना असते, वास टिकते."

मी त्यांचं ऐकलं. गाडीच्या बाबतीत ते चुकत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

आता ऐका, मी कोण आहे. माझ्या शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' ही पाटी मी रंगवून घेतलेली आहे. दर शनिवारी परिपाठाला मुलं प्रतिज्ञा म्हणतात, मी तंबाखू खाणार नाही, मी खर्रा खाणार नाही. त्यात पुढची ओळ मी स्वतः घातली. कारण इथे बाप-आजोबा टपरीवर स्वतः जात नाहीत, पोरांना पिटाळतात. 'जाय रे, पुडी घेऊन ये.' पहिलीतलं लेकरू अक्षर ओळखत नाही, पण कोणत्या टपरीचा खर्रा आजोबाला चालतो ते ओळखतं. म्हणून मी ओळ घातली, 'आणि घरच्यांना आणून देणार नाही.' एका पालकाने शाळेत येऊन भांडण केलं होतं त्यावरून. मी त्याला हाकलून दिलं.

ती मी, आठवडी बाजाराच्या दिवशी पदर डोक्यावर घेऊन टपरीसमोर उभी राहिले. बाबा शपथेला बांधलेले, त्यांना कसं पाठवणार? टपरीवाल्याने मला ओळखलं. हात घोटता घोटता थांबला.

"मॅडम, तुमी बी?"

"उंदरांसाठी पाहिजे," मी म्हटलं.

"हो जी," तो म्हणाला. "सारे असंच सांगते."

दोन पुड्या घेतल्या, पिशवीत कोथिंबिरीच्या खाली दडवल्या. एक बोनेटमध्ये तारांच्या बाजूला अडकवली. दुसरी डाव्या सीटखाली ठेवली, म्हणजे बाबांच्या हाताच्या अंतरावर. हे मला त्या वेळी दिसलं नाही. दिव्यांची हजेरी घेणाऱ्या बाईला हे दिसलं नाही!

पुढच्या बाजाराला बाबांनीच आठवण केली. "वास गेला असन त्याचा. बदलाव लागन." मी बदलल्या. जुन्या पुड्या फेकायला निघाले तर म्हणाले, "दे, मी टाकतो नालीत. तू कायले हात लावते?" मला बरं वाटलं. माझी किळस त्यांना कळते, याचंच बरं वाटलं. मग ते रीतीचंच झालं. दर बाजाराला भाजी, डाळ, आणि उंदरांचा खर्रा. मधल्या दिवसांत मी सीटखाली हात घालून चाचपून बघायचे. पुडी जागेवर, गच्च भरलेली. उंदीर आला नव्हता. डॅशबोर्डही नीट होता, दिवे पेटायचे आणि विझायचे.

फक्त काड्या वाढेनात. एकोणीसपर्यंत गेल्या होत्या त्या तिथेच अडल्या. मग अठरा. मग सतरा. मी बाबांवर चिडायचे, व्यायाम करत नाही तुम्ही, काड्या तोंडात धरून टीव्ही बघत झोपता. ते म्हणायचे, "काड्या फुगल्या आहेत वं. दमट हवा आहे." मी काड्यांचं नवं पाकीट आणलं. नव्या सोळाच मावल्या. तरी मी काय म्हणावं? मी म्हटलं, ही कंपनी काड्या जाड बनवते.

त्यांना घेऊन मी कुठेही गेले की ते गाडीतच थांबायचे. मी बँकेत, ते गाडीत. मी पंचायत समितीत, ते गाडीत. "गुडघे दुखते, तू ये जाऊन." मी परत आले की खिडक्या उघड्या असायच्या आणि बडीशेपेचा वास यायचा. बडीशेप डॉक्टरीण बाईंनीच सांगितली होती, तलफ आली की चघळा म्हणून. मी आणखी आणून दिली.

नागपूरची तारीख चार दिवसांवर असताना सकाळी चावी फिरवली आणि लाल माणूस विझलाच नाही.

मी उंदरांना शिव्या घातल्या. त्याच दिवशी टपरीवर जाऊन जास्तीच्या दोन पुड्या आणल्या, इतकी मी शहाणी. शाळा सुटल्यावर ब्रह्मपुरी गाठली. बाबा रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात बाकावर जाऊन बसले. इलेक्ट्रिशियनने चूळ भरली, हात धुतले, यंत्र लावलं. तोच आकडा. डाव्या पट्ट्याची लाईन. बॅटरीची तार काढली, थांबला, सीट मागे सारली आणि खाली वाकला.

खूप वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तुमी पाह्यता काय एकदा?"

सीटच्या पोटाखाली, पुढून दिसणार नाही अशी, पाण्याची एक लहान बाटली आडवी खुपसलेली होती. अर्धी भरलेली. आत लालसर तपकिरी पाणी, त्यात तरंगणारे सुपारीचे कण. झाकणाला चीर होती आणि तिथून थेंब थेंब उतरून पिवळा सॉकेट पुन्हा माखला होता. ओला होता. सीट हलली तेव्हा बाटलीतलं पाणीही हललं. मी गॅरेजच्या दाराशी जाऊन ओकले.

परत आले तर तो बोटाने सॉकेटवरचा ओलावा घेऊन बघत होता. "हे जुनं नाई," तो हळू म्हणाला. "आजचंच आहे. मी खाणारा आहो, मले समजते." मग त्याने सीटखालची पुडी काढली, रबर सोडलं, प्लॅस्टिक उघडून माझ्यापुढे धरलं. आत धानाचा कोंडा होता. नीट दाबून भरलेला, वरून चाचपलं तर खर्राच वाटावा असा. बोनेटमधली पुडी उघडली. तिच्यातही कोंडा.

"उंदीर खर्रा खाऊन कोंडा भरून ठेवते काय मॅडम?" असं म्हणून तो हसणार होता बहुतेक. माझ्याकडे बघितलं आणि हसला नाही.

मी ती बाटली दोन बोटांत धरली आणि रस्ता ओलांडला. बाबांसमोर बाकावर ठेवली. दुकानातली माणसं बघत होती. बघू देत.

"हे काय आहे?"

बाबांनी बाटलीकडे बघितलं, दुसऱ्याच कोणाची असावी तसं. "जुन्या मालकाची असन."

"ओली आहे बाबा."

ते दुपट्ट्याने तोंड पुसत राहिले. मी म्हटलं, "विहारात उभं राहून शपथ घेतली होती ना तुम्ही? सगळ्या लोकांसमोर?"

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मला ते शब्द ऐकवले जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. "टपरीची पायरी चढणार नाई म्हणलं होतं. नाई चढलो. एक दिवस नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तूच आणत होती ना वं. हाताशी ठेवत होती. हात गेला."

मी म्हटलं, "किळस येते मला तुमची." मोठ्याने म्हटलं. चहावाल्याने गाळणी तशीच हातात धरली. माझ्या बापाला, ज्याने मला सायकल शिकवली, पहिल्यांदा स्टिअरिंग हातात दिलं, त्याला मी परक्या गावात चारचौघांत असं बोलले. खोटं बोलले नाही. तेव्हा खरंच येत होती किळस. त्या बाटलीची, कोंड्याची, बडीशेपेची, पुड्या भरत बसलेल्या त्या म्हाताऱ्या हातांची. आणि गाडीजवळ परत आल्यावर, इलेक्ट्रिशियन पिना घासत असताना, माझ्या पिशवीत सकाळच्या दोन पुड्या तशाच होत्या हे आठवलं, तेव्हा स्वतःची.

मी बाबांना उंदरांचं औषध म्हणून खर्रा पुरवला होता. दर बाजाराला, ताजा, न चुकता, कुठल्या टपरीचा चांगला ते बघून. वरोऱ्याच्या त्या विकणाऱ्याने निदान टेप लपवून लावला होता. मी तर रोज हात घालून चाचपत होते आणि सगळं ठीक आहे म्हणून निघत होते.

ठरल्या दिवशी नागपूरला निघालो. नागभीड गेलं, भिवापूर गेलं, उमरेड गेलं. डॅशबोर्ड स्वच्छ होता, एकही दिवा नाही. बाबांचा उजवा पाय वळणावर नेहमीसारखा दाबला जायचा, तेवढंच.

डॉक्टरीण बाईंनी बोटं घालून बघितलं. मागच्या कागदावरचा आकडा बघितला, पुन्हा बोटं घातली. दिवा आत धरून चट्ट्याकडे खूप वेळ बघितलं. मग हातमोजे काढले.

"चट्टा वाढलाय," त्या म्हणाल्या. "कडा चांगल्या दिसत नाहीत. आज पुन्हा तुकडा घेते." मग बाबांना विचारलं, "खाताय ना?"

बाबांनी मान हलवली. हो.

"यांना चालायचा त्रास, टपरीवर जात नाहीत म्हणता. मग घरी आणून कोण देतं?" हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. पण बाबा आधी बोलले, त्या दोन बोटांच्या फटीतून, लगबगीने.

"मीच आनतो जी. चोरून. तिले काईच माहीत नाई. ती लई कडक आहे या बाबतीत."

डॉक्टरीण बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तरी काय करणार," त्या म्हणाल्या. "घरोघरी हेच आहे."

मी मान हलवली.

येताना बाबांच्या गालात कापसाचा बोळा होता, त्यांना बोलता येत नव्हतं. मला येत होतं. तासन्‌तास गाडी चालवत मी समोर बघत राहिले आणि काही बोलले नाही.

शनिवारी परिपाठाला मुलं ओळीत उभी राहिली. हात पुढे करून त्यांनी प्रतिज्ञा सुरू केली, मी नेहमीप्रमाणे पुढे उभी राहून त्यांच्यासोबत म्हणत होते. माझी ओळ आली. 'आणि घरच्यांना आणून देणार नाही.' मुलं ती सगळ्यात मोठ्याने ओरडतात, कारण ती मी त्यांच्याकडून घोटून घेतली आहे. मला ती म्हणता आली नाही. मुलं ती संपवून खाली बसली. बाबांचा रिपोर्ट मंगळवारी यायचा होता.